आईच्या ओव्या आणि नऊचा ताळा

२०२४ च्या मार्गशीर्षात साताऱ्याला आमच्या ताईच्या नातीचे लग्न झाले. लग्नाच्या तीन आठवडे आधी त्या मुलीचा मला डोंबिवलीला फोन आला. "मामाआजोबा, घाणा भरायच्या दिवशी पणजीच्या ओव्या लावायच्या आहेत. तुमच्याकडे आहेत ना?"

आहेत ना, म्हणजे काय! ती ध्वनिफीत मी स्वतः १९९३ च्या दिवाळीत, वाईजवळच्या आमच्या गावी, ‘टू-इन-वन’ समोर ठेवून भरलेली. गावात पिठाची गिरणी येऊन तोवर कित्येक वर्षे लोटली होती, पण मेतकूट मात्र आई जात्यावरच दळायची आणि जात्यावर बसली की तिला गप्प राहता येत नसे. कॅसेटची एक पूर्ण बाजू, पंचेचाळीस मिनिटे. मागे जात्याची घरघर, मध्येच अंगणातला कुत्रा, एकदा वडिलांचा खोकला. आई २००४ मध्ये गेली. २०११ साली भाच्याने ती फीत संगणकावर उतरवून घेतली, ताईला एका सीडीवर घालून दिली आणि मला पेन ड्राइव्हवर. म्हणजे ओव्या माझ्याकडे होत्याच. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी फाईल उघडली. पहिली चार मिनिटे आई गायली आणि मग आवाज तुटला. एक टिचकी, एक घरघर (जात्याची नव्हे), आणि दोन-तीन सेकंदांनी आई पुन्हा पुढच्याच ओवीत. असे सात ठिकाणी.

मी मूळ कॅसेट शोधायला उठलो आणि दोन पावलांवर थांबलो. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये घर रिकामे केले, तेव्हा कॅसेटींचे दोन खोके मीच भंगारवाल्याला दिले होते. बायको म्हणाली होती, "राहू देत की." त्यावर मी दिलेले उत्तर मला अजून शब्दशः आठवते : "अगं, सगळं सर्व्हरवर आहे."

हा सर्व्हर म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. घरोघरचे फोटो आता फोनमध्ये निघतात आणि कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या कोठारात जाऊन बसतात. त्यातल्या एका बड्या कोठाराची अमर्याद फुकट सोय २०२१ साली बंद झाली. बदली नोकरीत आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात भाडे भरलेला मी माणूस, मला वाटले की निदान आठवणी तरी स्वतःच्या घरात असाव्यात. एका कार्यालयाने निकालात काढलेला संगणक घेतला, त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या, आणि बंगळुरूच्या मुलाने फोनवरून सांगत सांगत त्यावर नेक्स्टक्लाउड ही आज्ञावली चढवून घेतली. २०१६ साली जर्मनीत सुरू झालेली ही मुक्त आज्ञावली कोणालाही फुकट वापरता येते. तुमच्याच घरातल्या संगणकावर तुमचे कोठार उभे राहते. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमधले फोटो आपोआप तिथे येऊन पडतात, बंगळुरूत बसलेल्या मुलालाही ते दिसतात. २०२२ च्या दिवाळीत आमच्या एकेचाळीस हजार फायली जुन्या डिस्कवरून या नव्या घरात आल्या. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जात होता, एक गेली तरी दुसरी आहे. शिवाय रोज रात्री तिसऱ्या डिस्कवर आणखी एक नक्कल. ही तिसरी डिस्क म्हणजे ती जुनीच. नव्या घरात सामान लागल्यावर ती कोरी करून मी नकलेच्या कामाला जुंपली होती. तीन-तीन प्रती! मी अगदी निश्चिंत झोपत होतो.

त्या रात्री तिन्ही प्रती उघडून पाहिल्या. तिन्हींत आई चौथ्या मिनिटाला तुटत होती.

मुलाला फोन केला. त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "बाबा, आधी रात्रीची नक्कल थांबवा आणि काहीही दुरुस्त करायला जाऊ नका." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. फाईल बिघडलेली दिसली की आपला हात पहिल्यांदा जातो तो दुरुस्तीकडे, डिस्क ठीकठाक करणारी एखादी आज्ञावली चालवण्याकडे. तोवर कुठे चांगली प्रत उरली असेलच, तर ती या खटपटीत पुसली जाऊ शकते. घरच्या कोठाराला पाच फोन आणि तीन संगणक जोडलेले असतात, आणि एका ठिकाणचा बदल सगळीकडे पोचवणे हेच तर त्याचे काम. तो बदल म्हणजे नवा फोटो आहे की जुन्या फोटोचे वाटोळे, हे त्याला कळत नाही.

मग संगणकाच्या मेमरीची रात्रभर तपासणी लावली. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला होता. मेमरीची एक पट्टी खराब होती. डिस्क ठणठणीत, आज्ञावली निर्दोष. पण फायली जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जाताना काही क्षण या पट्टीत मुक्काम करीत होत्या, आणि तिच्या काही खोल्यांत शून्याचा एक होत होता नाहीतर एकाचा शून्य. चुकलेला मजकूर दोन्ही डिस्कवर अगदी तंतोतंत सारखा लिहिला गेला आणि तिसऱ्या डिस्कवर त्याची इमाने इतबारे नक्कल झाली. कुठेही घंटा वाजली नाही. अशा मुक्या बिघाडाचा अनुभव माझ्यासारख्या हौशी माणसालाच येतो असे नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्राने २००७ मध्ये आपल्याच साठ्याची झडती घेतली, तेव्हा साधारण पंधराशे फायलींमागे एक फाईल कोणाच्या नकळत बिघडलेली आढळली होती.

आपल्याकडे हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा लेखक हात जोडून एक गोष्ट सांगतो. जसे मी पाहिले तसे मी लिहिले, त्यात शुद्ध-अशुद्ध काही असेल तर त्याचा दोष मला देऊ नका. शेकडो पोथ्यांच्या अखेरीस हा मजकूर सापडतो. रोज रात्री चालणारी माझी नक्कल हे दुसरे काय करीत होती? जसे दिसले तसे लिहिले, दोष माझा नाही. आणि खरोखरच तो तिचा नव्हता. नव्या प्रती जुळतात का हे न पाहता जुनी डिस्क कोरी करणारा हात माझा होता.

हे मला जास्त लागण्याचे कारण म्हणजे माझी उभी हयात बँकेत गेली. आमच्या उमेदवारीच्या काळात खतावण्या हाताने लिहीत. संध्याकाळी जमा-नावे जुळले नाही तर अख्खी शाखा बसून राही, आणि एका रुपयाच्या फरकासाठी शेवटच्या एसट्या चुकत. फरक नऊने भागला जातो का, हे आमचे साहेब प्रथम विचारीत. भागला जात असेल तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली आहे, ७२० चे ७०२ लिहिले आहेत, हे ओळखावे आणि त्या वाटेने शोध घ्यावा. असा माणूस मी एकेचाळीस हजार नोंदी एका वहीतून दुसरीत उतरवतो आणि न जुळवता पहिली वही फाडून टाकतो! शाखेत हे केले असते तर माझी चौकशी लागली असती.

जुळवायचे कसे? एकेचाळीस हजार फायली उघडून पाहणे कोणाच्याच बापाला शक्य नाही. पण इथे शाळेत शिकलेला नऊचा ताळा उपयोगी पडतो. ४७ आणि ३८ यांची बेरीज ८५. बरोबर आहे का? ४ आणि ७ अकरा, म्हणजे २. ३ आणि ८ अकरा, म्हणजे २. दोन आणि दोन चार. उत्तराचे ८ आणि ५ तेरा, म्हणजे तेही ४. ताळा जमला. बेरीज पुन्हा न करता एका अंकावरून ती पडताळली. मात्र नऊच्या ताळ्याला एक भोक आहे. उत्तर ८५ ऐवजी चुकून ५८ लिहिले तरी तेरा, तरी चार, तरी ताळा जमतोच. हे भोक बुजवणारे हुशार ताळे गणितज्ञांनी नंतर शोधले. १९६९ साली याकोबुस व्हेर्हूफ या डच गणितज्ञाने मांडलेल्या ताळ्यात एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर चूक पकडली जातेच. तुमच्या आमच्या आधार क्रमांकातला बारावा अंक हा या व्हेर्हूफचाच ताळा आहे. म्हणून तर एखादा आकडा चुकला की समोरचा संगणक क्रमांक घ्यायलाच नकार देतो.

फायलींचा ताळा याच्याही पुढचा. त्याला एसएचए-२५६ असे नाव आहे. फाईल केवढीही असो, तिच्यातून चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ निघते. एका जाडजूड कादंबरीत एक स्वल्पविराम बदला, ती अख्खी ओळ वेगळीच होईल. त्यावरून काय चुकले हे कळत नाही, पण चुकले आहे हे निश्चित कळते. जुन्या डिस्कवरच्या एकेचाळीस हजार फायलींचे ताळे काढून ठेवायला फार तर एक रात्र लागली असती, आणि नव्या जागी ते पुन्हा काढून ताडायला आणखी एक. दोन रात्री. त्या मी वाचवल्या.

ताळ्याच्या पुढची पायरीही माणसाने केव्हाच चढलेली आहे, आणि ती एका वाया गेलेल्या सुट्टीमुळे, हे रविवारच्या वाचकाला सांगायला हरकत नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ आपली गणिते शनिवार-रविवारी यंत्रावर लावून जात असे. त्या यंत्राला चूक झाल्याचे कळे, पण पाहायला कोणी नसले की ते काम सोडून पुढच्या कामाला लागे. सोमवारी येऊन पाहावे तर हाती काही नाही. यंत्राला चूक झाल्याचे कळते तर नेमकी कुठे झाली हे का कळू नये, असे त्याने मनाशी घेतले आणि १९५० साली आपली चूक आपणच दुरुस्त करून घेणारी लेखनपद्धत प्रसिद्ध केली. मोठ्या सर्व्हरांत जी महाग मेमरी असते, ती याच तत्त्वावर एखाद्या अंकाची चूक जागच्या जागी सुधारते. माझ्या निकाली संगणकात ती नव्हती. फायलींबरोबरच त्यांचा ताळाही लिहून ठेवणारी झेडएफएससारखी साठवणपद्धतही २००५ पासून उपलब्ध आहे. ती वापरायला हवीच. पण माझ्या बाबतीत तिने तरी काय केले असते? मेमरीत आधीच बिघडलेला मजकूर तिच्या हाती आला असता, तर त्या बिघडलेल्या मजकुराचा ताळा तिने बिनचूक लिहून ठेवला असता.

बिघाडाची मोजदाद करायला चार दिवस गेले. ज्या फायली उघडतच नाहीत त्या सापडायला सोप्या. ज्या उघडतात पण चुकीच्या उघडतात त्या अवघड. फायलींच्या जातीवर बरेच अवलंबून असते. फोटोची फाईल अशी आवळून बांधलेली असते की मध्ये एक जागा चुकली की पुढचा सगळा फोटो सरकतो किंवा करडा पडतो. माझ्या मुंजीच्या एका फोटोत भटजी शाबूत होते आणि मी गुडघ्यापासून खाली राखाडी. एकत्र आवळलेले गठ्ठे तर आख्खेच्या आख्खे उघडायला नकार देतात. त्या मानाने गाण्याची एमपी३ फाईल उदार. ती सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढ्या छोट्या घासांची बनलेली असते, एक घास नासला तरी पुढचा चांगला लागतो. आई पुन्हा पुन्हा सावरून गात होती ती यामुळे.

एकूण दोनशे बारा फायली खराब सापडल्या. निम्म्याहून अधिकांच्या प्रती मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, पत्रांसोबत पाठवलेल्या, चुलतभावाच्या पेन ड्राइव्हवर अशा मिळाल्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेले काही फोटोही सापडले. ते पाठवताना लहान केले जातात, त्यामुळे मुळाशी त्यांचा ताळा कधीच जुळत नाही. पण गुडघ्याखालचा मुलगा निदान त्यांत दिसतो.

राहिल्या ओव्या. ताईला फोन केला. ती म्हणाली, "माझी सीडी आहे की कपाटात, शालूखाली. तू मला फेकून द्यायला सांगितलं होतंस." मी साताऱ्याला गेलो. सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते. भाच्याने आधी फोटो घातले होते आणि ओव्या शेवटी, म्हणजे बाहेरच्या कडेला, जिथे बोटे लागतात आणि चरे पडतात. पहिली तीसेक मिनिटे निघाली, पुढची निघेनात. म्हणजे एक प्रत शेवटी फाटलेली आणि दुसरीला सात भोके.

एकनाथांची आठवण इथे झाली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती नकलांनी आणि पाठांतराने फिरत राहिली आणि मूळचा शुद्ध ग्रंथ अशुद्ध झाला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या नाथांनी तिचे शुद्धीकरण केले. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर संस्थेने हेच काम महाभारतासाठी केले. १९१९ साली हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, देशभरच्या बाराशेहून अधिक पोथ्या पाहून. या कामातले मर्म असे की पोथ्या वेगवेगळ्या घरांतल्या हव्यात. एकाच पोथीवरून उतरवलेल्या शंभर पोथ्या ही एकच साक्ष. काश्मीरची एक आणि मल्याळी लिपीतली एक, या दोन साक्षी. माझ्या घरातल्या तीन डिस्क ही एक साक्ष होती. ताईच्या शालूखालची सीडी ही दुसरी.

दोन साक्षी जिथे जुळत नाहीत तिथे कोणीतरी चुकले आहे एवढेच कळते, कोण ते कळत नाही. मत मोजायला तिसरी लागते. आम्हाला ती नव्हती, पण कान होते. सात भोकांपैकी पाच पहिल्या तीस मिनिटांतली. तिथला मजकूर सीडीवरून, तेवढाच, त्याच जागी आणून बसवला. मूळ फाईल एकच असल्यामुळे तो टाक्याविना बसला. उरलेल्या दोन भोकांपैकी एक नुसती टिचकी. दुसऱ्यात अर्धी ओवी गेली होती, ती दोन्हीकडे नाही.

आता माझी पद्धत बदलली आहे. खराब पट्टी फेकून नवी घातली, फायलींचे ताळे आठवड्याला निघतात, आणि एक डिस्क तारेवेगळी करून ताईच्या घरी असते. पाडव्याला एक जाते आणि दसऱ्याला दुसरी येते. जागा बदलताना जुनी प्रत वर्षभर कोरी करायची नाही. रविवारी चहा घेताना मी कोठारातल्या दहा फायली डोळे मिटून निवडतो आणि खरोखर उघडतो. बायको याला "बाबांची पूजा" म्हणते. मुलाने विचारले, एवढे करण्यापेक्षा पुन्हा कंपनीकडे का देत नाही? प्रश्न चुकीचा नाही. त्यांच्याकडे चांगली मेमरी आहे आणि ताळा पाहणारी माणसे आहेत. ज्याला वर्षातून दोनदा डिस्क बदलण्याचा कंटाळा आहे त्याने खुशाल तिकडे ठेवावे, पण एक प्रत आपल्याकडेही असू द्यावी. मी घरी ठेवणार ते हट्टाने. आणि घराची मालकी म्हटली की गळती पाहायला पत्र्यावर चढणेही मालकाकडेच आले, ही समज मला साठीनंतर आली, हे कबूल.

कॅसेटी मात्र भंगारातून परत येत नाहीत. बायकोने त्या दिवसाचा विषय एकदाही काढलेला नाही, आणि तेच मला अधिक टोचते.

घाणा भरायच्या आदल्या रात्री साताऱ्याला आम्ही सगळे ती जुळवलेली फाईल ऐकत बसलो. अर्ध्या ओवीची जागा आली तेव्हा ताईने ती पुढची ओळ सहज म्हणून टाकली. आईचाच ढंग. भाचा म्हणाला, "आत्या, हीच भर घालू या त्या जागी. कोणाला कळणारसुद्धा नाही." ताईने मान हलवली. शेजारची थोरली काकू म्हणाली की ओळ तशी नव्हतीच, वहिनी दुसरीच म्हणायच्या. तिने तिची म्हणून दाखवली. दोघी हटेनात. नाथांनीही आपल्या शुद्ध प्रतीत कोणी स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत म्हणून बजावून ठेवले आहे. अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल ते, असे ते म्हणतात.

आईच्या फाईलमध्ये ती जागा आम्ही मोकळीच ठेवली. ताईची ओळ आणि काकूची ओळ फोनवर भरून घेतल्या, दोन वेगळ्या फायलींत, नावे घालून. तिन्हींचे ताळे मी तिथेच, पंगतीच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पेनाने उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात जात्यावर हळद पडली आणि आईचा आवाज सुरू झाला. अर्ध्या ओवीपाशी तो थांबला तेव्हा तेवढे तीन सेकंद मांडवातल्या बायकांनी जाते फिरवत ठेवले.